बिनआवाजाचा सेकंड हाफ

उर्सुला टीचरना नाही म्हणायचं होतं. तसं नाही म्हणायला त्यांना आयुष्यात कधी कष्ट पडले नव्हते. शाळेत पीटी शिकवत असताना मुख्याध्यापकांना त्यांनी तोंडावर नाही म्हटलं होतं, पॅरिशच्या फादरना म्हटलं होतं, आणि लग्नाची स्थळं तर इतक्या सफाईने परतवली होती की शेवटी कोलशेत गावातल्या मावश्यांनी हात टेकले. पण या खेपेचं नाही सोळा पोरींच्या तोंडाकडे बघून म्हणायचं होतं आणि तेच जमत नव्हतं.

झालं होतं असं, की खाडीकिनारा स्पोर्ट्स क्लबची मुलींची फुटबॉल टीम जिल्हा लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये दुसरी आली. पहिल्या दोन टीम वरच्या डिव्हिजनमध्ये जातात, असा नियम. लीगचे सेक्रेटरी रवींद्र यांचा फोन आला, अभिनंदन वगैरे झालं आणि मग ते जरा चाचरत म्हणाले, "टीचर, तुमच्या पोरी लहान आहेत म्हणून विचारतो. नको असेल तर तिसऱ्या नंबरवाल्यांना जागा देऊ. सोमवारपर्यंत सांगा, चालेल?" फोन खाली ठेवायच्या आत टीचरनी उत्तर ठरवून टाकलं होतं. नको. यंदा तर नकोच.

आता यात पोरींवर अविश्वास होता असं कुणी म्हणू नये. जीव होता त्यांचा पोरींवर, आणि तोच सगळा घोळ होता. वरच्या डिव्हिजनमध्ये पोरी खेळत नाहीत, बाया खेळतात. पोलिसातल्या, रेल्वेतल्या, जिममध्ये जाऊन मांड्या कमावलेल्या बाया. आणि टीचरच्या टीममधली सगळ्यात मोठी रचना, ती कॅप्टन, सतरा वर्षांची. सगळ्यात धाकटी सगुणा चौदाची, खाडीवर जाळी टाकणाऱ्या घरातली, बूट घातल्यावरही वजन काट्यावर दिसेल न दिसेल अशी.

शिवाय एक जुनी गोष्ट होती. उर्सुला स्वतः विशीत असताना ठाण्यातल्या एका टीममधून खेळायची. ती टीमही अशीच धडाक्यात वर गेली होती. पेढे वाटले होते. पहिल्याच मॅचला त्यांनी अकरा गोल खाल्ले. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिसला निम्म्या आल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिघी, आणि मग एकटी उर्सुला. त्यातली एक मैत्रीण अजून बाजारात भेटते, सुना-नातवंडांचं सगळं सांगते, पण फुटबॉलचा विषय निघाला की तिला एकदम घाई होते. खेळाने माणसाचा असा अपमान केलेला टीचरनी जवळून पाहिला होता, आणि आपल्या पोरींपैकी एकीलाही बाजारात असं तोंड चुकवायला लागू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि पोरी तयार नाहीत याचा पुरावा काय, तर त्या मैदानावर बोलत नाहीत. टीचरचं हे ठाम मत. बोलणारी टीम ती पक्की, गप्प टीम ती कच्ची. पास मागायचा तर ओरडून मागायला हवा, मागून कुणी आली तर सांगायला हवं, गोलकीपरने तर अख्खा वेळ बोंबलत राहायला हवं. टीचरचा स्वतःचा आवाज असा होता की त्या कोलशेतच्या मैदानावर "सगुणाऽऽ" म्हणाल्या की पलीकडे खाडीत होडीवर असलेला सगुणाचा बाप मान वर करून बघायचा. पण पोरी? प्रत्येक मॅचला टीचर रेषेवरून ओरडायच्या, "तोंडात काय मीठ धरलंय का गं? आवाज द्या!" मग पोरी आज्ञाधारकपणे "दे, दे" असं काहीतरी पुटपुटायच्या, वाढपी पंगतीत वाढून पुढे गेल्यावर हळूच भाजी मागावी तसं. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ते खपून गेलं. वर खपणार नव्हतं.

तेव्हा टीचरनी एक युक्ती केली. डोंबिवलीच्या टीमचा कोच तानाजी त्यांच्या जुन्या ओळखीचा, आणि त्याची टीम पहिल्या डिव्हिजनमध्ये मुरलेली. त्याला त्यांनी फोन लावला. "तानाजी, रविवारी एक मैत्रीची मॅच खेळूया तुझ्याकडे. पण मैत्रीबित्री काही नको. पूर्ण टीम उतरव आणि दया दाखवू नकोस." तानाजी भला माणूस, तो म्हणाला, "मॅडम, लहान पोरी आहेत हो." टीचर म्हणाल्या, "म्हणूनच." हिशोब साधा होता. पोरींनी एकदा मार खाल्ला की त्या आपणच म्हणतील, टीचर, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे नाही म्हणायचं काम परस्पर व्हायचं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आणि जेवणं आटोपल्यावर टीचरचा भाऊ गिल्बर्ट त्याची शाळेच्या फेऱ्यांची मिनीबस घेऊन आला. माणकोलीच्या पुलावरून जाताना पोरींनी खिडक्यांतून हात बाहेर काढून जी गाणी सुरू केली ती डोंबिवली येईपर्यंत थांबली नाहीत. गोलकीपर जोविटा तर सीटवर उभी राहून गात होती. ही गावठाणातली, टीचरच्या लांबच्या नात्यातली, आणि मैदानाबाहेर हिचं तोंड बंद करायला पैसे द्यावे लागतील अशी. "बघ," टीचर गिल्बर्टला म्हणाल्या, "इथे बघ कशा बोंबलतायत. मैदानावर गेल्या की मुक्या."

"काय गो उर्सुला," गिल्बर्ट आरशात बघून म्हणाला, "तू एवढी बोलतंस, त्यांना कधी चान्स मिळनार?"

टीचरनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गिअर बदलायचं निमित्त काढलं.

डोंबिवलीचं मैदान लाल मातीचं, एका कडेला क्रिकेटवाली पोरं आपली पाळी यायची वाट बघत बसलेली, दुसऱ्या कडेला संध्याकाळच्या फेरीला निघालेले आजी-आजोबा. तानाजीच्या बाया वॉर्मअप करत होत्या. त्यांच्यातली सेंटरबॅक पोलिसात होती. ती नुसती वाकून बुटाची नाडी बांधत होती तरी सगुणा टीचरच्या मागे सरकली. "टीचर, ही मना उचलून फेकंल," ती हळूच म्हणाली. टीचरनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून तिला पुढे ढकललं.

पहिला हाफ जसा व्हायचा तसाच झाला. डोंबिवलीच्या बायांनी दया दाखवली नाही. बॉल त्यांच्याकडे, मैदान त्यांचं, आणि पोरी नुसत्या त्यांच्या मागे धावतायत. टीचर रेषेवरून जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. "रचना, माग! मोठ्याने माग! जोविटा, सांग तिला, मागे बघ म्हणून सांग!" आणि पोरी सांगत होत्या. रचना "सगुणा, इकडे!" म्हणून ओरडली की सगुणाच्या आधी ती पोलिसवाली इकडे पोचलेली असायची. जोविटा "डावीकडे!" ओरडली की डोंबिवलीची सगळी टीम डावीकडे. जितकं पोरी बोलत होत्या तितक्या त्या उघड्या पडत होत्या. पण हे टीचरच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्यांना इतकंच दिसत होतं की एक गोल झाला, दुसरा झाला, मग तिसरा, आणि शिट्टी वाजायच्या जरा आधी चौथा.

पोरी बाहेर येऊन बाटल्या घेऊन बसल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जोविटा, जी बसमध्ये सीटवर उभी होती, ती हातमोजे काढून मातीकडे बघत होती. टीचरना हेच हवं होतं ना? हेच तर हवं होतं. मग आता जोविटाकडे बघवत का नाही, त्यांनाच कळेना. आता त्या बोलणार होत्या, "बघितलंत ना, म्हणून मी म्हणते, अजून एक वर्ष." तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात रचना म्हणाली, "टीचर, सेकंड हाफ आम्ही गप्प खेळू?"

"म्हणजे?"

"म्हणजे वाचनाच्या वेळी खेळतो तसं."

टीचरना काही अर्थबोध झाला नाही. तेव्हा रचनाने सांगितलं, आणि ते इथे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कोलशेतचं त्यांचं मैदान म्हणजे खाडीच्या अलीकडचा एक मोकळा पट्टा. त्याच्या एका टोकाला बौद्ध विहार, दुसऱ्या टोकाला गावठाणाचा क्रूस. पावसाळ्याचे तीन महिने विहारात वर्षावास असतो. रोज संध्याकाळी पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि म्हातारी माणसं जमतात, ग्रंथवाचन होतं, आणि वाचायला बहुतेक रचनाची आजी केशरबाई असते. ते संपता संपता ऑक्टोबर येतो, मग क्रुसापुढे महिनाभर रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. अशी वर्षातून चारेक महिने संध्याकाळी त्या मैदानावर मोठ्याने बोलायची सोय नव्हती. विहारातल्या आबांनी फार पूर्वीच टीचरना हात जोडून सांगितलं होतं, "बाई, वाचनाच्या वेळेला तेवढा आवाज नको." टीचरनी ते मानलं होतं. वाचन सुरू झालं की त्या शिट्टी खिशात टाकून घरी जायच्या, कारण आवाज नाही तर फुटबॉल कसला, आणि ऑक्टोबरात तर त्या स्वतःच क्रुसापुढे पहिल्या बाकावर बसून रोजरी सांगायच्या. क्रुसाकडे तोंड, मैदानाकडे पाठ. मागे सगळं शांत असायचं. पोरी घरी गेल्या असतील किंवा कट्ट्यावर गप्पा मारत असतील, असं त्या धरून चालल्या होत्या.

पोरी घरी जात नव्हत्या. "मी आबांना विचारलेलं," रचना सांगत होती, "आवाज नाही केला तर खेळू का? ते हसले. बोलले, खेळून दाखवा. मग आम्ही नियम केला. जिच्या तोंडून आवाज निघाला ती बाहेर. त्या दिवशी परत आत नाही. पहिल्या वर्षी अर्ध्या तासात सगळ्या बाहेर असायच्या. आता नाय कुणी जात."

"चार महिने?" टीचर म्हणाल्या. "रोज?"

"तीन वर्षं झाली, टीचर," जोविटा म्हणाली.

टीचरना राग आला. आपल्या पाठीमागे तीन वर्षं काहीतरी चाललं होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून आला. त्या फणकाऱ्याने म्हणाल्या, "मग मॅचला का नाही कधी खेळलात अशा?" त्यावर रचना सरळपणाने म्हणाली, "मॅचला तुम्ही ओरडायला सांगता ना." "करा काय करायचं ते," टीचर म्हणाल्या, "मी आता तोंड उघडत नाही." आणि हाताची घडी घालून रेषेवर उभ्या राहिल्या.

सेकंड हाफ सुरू झाला. सुरुवातीला कुणाला काही वेगळं वाटलं नाही, म्हणजे ऐकू येणारे आवाज होतेच, पण ते सगळे डोंबिवलीचे होते. "लेफ्ट! लेफ्ट!" "मागे ये गं!" "ताई, माझी!" मग हळूहळू लक्षात यायला लागलं की निम्म्या मैदानातून काहीच येत नाही. बुटांची घसट, बॉलचा ठोका आणि पोरींचे श्वास, बस.

आधी टीचरना दिसल्या त्या माना. अकराच्या अकरा माना सतत हलत होत्या. बॉल कुठेही असो, प्रत्येक पोरगी डावीकडे बघत होती, उजवीकडे, खांद्यावरून मागे, परत समोर. ज्यांना ऐकायची सोय नव्हती त्या बघायला शिकल्या होत्या. रचनाकडे बॉल आला. तिने त्यावर पायाचा तळवा ठेवला, क्षणभरच, आणि तेवढ्यात डाव्या टोकाची पोरगी निघाली, उजवीकडची आत आली, मागची पुढे सरकली, सगळी टीम एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळली, आणि रचनाने न बघता पास दिला. जिथे दिला तिथे कुणी नव्हतं. मग तिथे सगुणा होती.

ती पोलिसवाली सेंटरबॅक वळली तेव्हा बॉल तिला ओलांडून गेलेला होता. तिची काही चूक नव्हती. पहिला हाफभर ती कानांनी खेळली होती. पोरी ओरडत होत्या आणि ती ऐकून आधी पोचत होती. आता कुणी काही सांगेना. ती गोंधळून आपल्याच बायांवर ओरडली, "अगं कुठेय बॉल?" तोपर्यंत बॉल जाळीत होता.

गोल झाला आणि पोरींनी हूं की चूं केलं नाही. सगुणाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, डोळे तेवढे लकाकत होते. येता-जाता एकेकीने तिच्या खांद्याला हात लावला आणि सगळ्या परत आपापल्या जागी गेल्या. क्रिकेटवाली पोरं टाळ्या वाजवायला उठली होती ती या शांततेने बावचळून तशीच उभी राहिली. फेरीला निघालेल्या एका आजींनी शेजारणीचा हात धरून तिला थांबवलं.

चाळीस वर्षं टीचर फुटबॉल बघत होत्या, खेळत होत्या, शिकवत होत्या, आणि असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मांडीजवळ खाली धरलेला तळहात म्हणजे पायात दे. हनुवटी किंचित वर म्हणजे मागून जाते. जोविटा गोलमध्ये हात नुसते आडवे पसरायची आणि समोरच्या चौघी दोन पावलं आत यायच्या. किती खुणा होत्या देव जाणे, काही तर खुणाही नव्हत्या, नुसतं एकमेकींना ओळखणं होतं. पावसात भिजून, चिखलात घसरून, आजी आत वाचत असताना आणि टीचर क्रुसापुढे हेल मेरी म्हणत असताना या पोरींनी हे रचलं होतं, कुणी न शिकवता, कुणी न बघता. टीचरना भीती वाटली. चर्चमध्ये एकटंच बसलं असताना कधी कधी वाटते तशी, ज्या भीतीने पळून जावंसं वाटत नाही तशी भीती. आणि लाजही वाटली, की एवढं मोठं काहीतरी आपल्या पाठीमागे घडत होतं आणि आपण एकदाही वळून पाहिलं नाही.

दुसरा गोल रचनाने मारला. तोवर डोंबिवलीच्या बायाही हळूहळू गप्प होत चालल्या होत्या. त्यांनाच आपला आवाज मोठा वाटायला लागला असावा. तानाजी ओरडायचं सोडून टीचरच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. "मॅडम, हे काय आहे?" त्याने विचारलं, तेही कुजबुजत. टीचरनी नुसती मान हलवली. बोलले तर काही मोडेल असं त्यांना वाटत होतं.

मग तिसरा. जोविटाने बॉल हाताने लांब फेकला, मधल्या पोरीने तो छातीवर घेतला, रचनाने तळवा ठेवला, आणि सगुणा त्या पोलिसवालीच्या बगलेखालून अशी निघाली की बघणाऱ्यांच्या तोंडून एकदम "आईशप्पथ" निघालं. चार-तीन. वेळ थोडा उरला होता पण एका गोलापुरता नक्की होता, आणि डोंबिवलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आणि सगुणा किंचाळली. चौदा वर्षांची पोर, पहिल्या डिव्हिजनवाल्यांना दोन गोल मारलेली, तिच्या तोंडून निघून गेलं, "आयेऽऽ!" पुढच्या क्षणी तिने तोंडावर हात मारला. सगळी टीम तिच्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसतं बघत होती. सगुणा मान खाली घालून चालत निघाली, थेट टीचरसमोर येऊन रेषेबाहेर उभी राहिली.

"कुठे चाललीस?" टीचर ओरडल्या. शब्द पाळायचं त्या साफ विसरल्या. "आत जा! वेळ नाहीये!"

"मी वरडले, टीचर."

"मग? मॅच आहे ही! तुमचा तो नियम कोलशेतला! जा आत, अजून एक मारशील!"

सगुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. आत जायला तिचे पाय नुसते शिवशिवत होते, ते दिसत होतं. पण ती जागची हलली नाही. "जिच्या तोंडून आवाज निघंल ती भायेर," ती म्हणाली. "मीच गेल्या वर्षी आयव्हीला भायेर काढलेलं. ती पन रडलेली."

टीचरनी मैदानावर रचनाकडे बघितलं, ही कॅप्टन, हिला तरी अक्कल असेल. रचनाने शांतपणे बाकाकडे बोट केलं. बाकावरची आयव्ही उठली, सगुणाच्या हातावर हात मारून आत गेली. टीचरना सगुणाला गदागदा हलवावंसं वाटलं. मग त्यांनी परत एकदा त्या पोरीकडे बघितलं. ओठ दाबून, मुठी आवळून ती तिथे उभी होती, हाताशी आलेली बरोबरी स्वतःच्या हाताने सोडून, आणि कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिक्षा करणारही नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

आयव्ही चांगली खेळली, पण ती काही सगुणा नव्हती. रचनाचा एक शॉट पोस्टला लागला. शेवटची शिट्टी झाली ती चार-तीनवरच. आणि शिट्टी झाल्याबरोबर इतका वेळ दाबून धरलेला सगळा आवाज एकदम फुटला. पोरी हरल्या होत्या आणि अशा किंचाळत होत्या की रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून आत बघितलं. पोलिसवालीने सगुणाला खरोखरच उचललं आणि खांद्यावर बसवून मैदानाची फेरी मारली.

तानाजी टीचरजवळ आला. "मी आयुष्यात असं पाहिलं नाही," तो म्हणाला, आणि तो उगाच गोड बोलणारा माणूस नव्हता. "पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. आज आम्ही फसलो. पुढच्या वेळेला नाही फसणार. वरच्या टीम एकदा बघतात आणि शिकतात. दम आणि ताकद यात तुमच्या पोरी अजून दोन वर्षं मागे आहेत. मार बसेल, मॅडम. चांगला बसेल."

"माहितेय," टीचर म्हणाल्या. आणि त्यांना ते खरंच माहीत होतं. पाहिलेल्याने डोळे दिपले होते, पण चाळीस वर्षांची नजर काही गेली नव्हती. नाही म्हणायचं कारण सकाळी होतं तेवढंच अजून शिल्लक होतं.

गिल्बर्ट वडापाव घेऊन आला होता. पोरी मातीतच गोल करून बसल्या होत्या. टीचर त्यांच्यात जाऊन खाली बसल्या, एरवी त्या कधी बसत नसत, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. की ही मॅच कशाला ठेवली होती. की रवींद्रना उद्या 'नाही' असं कळवायचं ठरवलं होतं. आणि मग आपली ती जुनी टीम, ते पेढे, ते अकरा गोल. "निम्म्या आल्या, मग तिघी, मग कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली एक जरी अशी गेली ना, तर मला नाही सहन होणार. वर गेलो तर हरणार आहोत आपण. पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्या मॅच."

पोरी खायच्या थांबल्या होत्या. रचनाने विचारलं, "टीचर, तुम्ही का नाही गेलात?"

"काय?"

"त्या सगळ्या गेल्या. तुम्ही का येत राहिलात?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाकीच्या का गेल्या, हे सगळ्यांनी विचारलं होतं. टीचरनी शेजारचा बॉल पायाने जवळ ओढला. "बॉल पायाशी असला की मला दुसरं काही नको वाटायचं," त्या म्हणाल्या. "कुणी नव्हतं खेळायला. एकटीच मारत बसायचे भिंतीवर."

"आम्ही तर सोळा आहोत," सगुणा म्हणाली. तिच्या गालाला चटणी लागलेली होती.

टीचरनी एकेकीकडे बघितलं. बरोबरी हाताशी आलेली असताना आपल्याच नियमासाठी बाहेर येऊन उभी राहिलेली पोर, तिला बाहेर राहू देणारी कॅप्टन, रडूनही परत येत राहिलेली आयव्ही. अकरा गोल खाल्ले तर या रडतील. पण या घरी जाणार नाहीत. हे त्यांना इतकं लख्ख कळलं, की इतका वेळ कसलं भय धरून बसलो होतो याचंच त्यांना नवल वाटलं.

सोमवारची वाट त्यांनी बघितली नाही. तिथेच मातीत बसून फोन लावला, स्पीकरवर टाकला. "रवींद्र, उर्सुला बोलतेय. आम्ही वर येतोय."

"नक्की ना, टीचर? घाई नको. टीम तयार आहे का?"

सोळा तोंडं त्यांच्याकडे बघत होती, आणि एकाही तोंडातून आवाज नव्हता.

"टीम केव्हाची तयार आहे," उर्सुला टीचर म्हणाल्या. "कोच तयार होतेय."